न सुटलेला सा
पिशवी काढल्यावर आपिया शहरातल्या दवाखान्यातून मला घरी सोडलं, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नीट बजावलं होतं. सहा आठवडे नवऱ्याजवळ जायचं नाही, मग येऊन तपासून घे आणि खुशाल नांदा. माझा नवरा पेनिअमिना तेव्हा बाहेर व्हरांड्यात माझं बोचकं धरून उभा होता. काय म्हणाल्या, त्याने विचारलं. उघड्यावर तसलं बोलायची मला लाज वाटली, म्हणून मी एवढंच म्हणाले, "सा आहे."

आमच्या बेटावरच्या गावात संध्याकाळी घंटा झाली की सा, म्हणजे मनाई, लागतो. प्रार्थना होईपर्यंत रस्त्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही. पुन्हा घंटा झाली की तो सुटतो. जे देवाचं ते सा, आणि ज्याला हात लावायचा नाही तेही सा. पेनिअमिना चर्चचा सेवक. त्याने मान डोलावली आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही. हा सा सोडवायची घंटा माझ्या हातात होती. मी ती वाजवलीच नाही.

सहा आठवड्यांचे चौदा महिने झाले. आधी दुखेल याची भीती होती. मग पोटावरचा वण बघून वाटायचं, पाच लेकरं वाढली ती जागाच गेली, आता माझ्यात बाईपण काय उरलं. हा वेडेपणा आहे हे कळत होतं, पण मन होत नव्हतं हेही खरं. आणि खरंच सांगायचं तर पुढे पुढे मला ते सोयीचं झालं. तो चटई उचलून समोरच्या, भिंती नसलेल्या उघड्या घरात झोपायला गेला. नणंद फेतुआओ धुणं धुताना विचारायची, "वहिनी, माझा भाऊ घोरतो, की तू चावतेस?" बायका हसायच्या. मीही हसायचे, निर्लज्जासारखी.

परवा गावात फिरतीची नर्स आली. माझा रक्तदाब बघून झाल्यावर तिने सरळ विचारलं, जवळ येता तेव्हा दुखतं का? मी खाली बघितलं. शेजारी पेनिअमिना नारळ खोवत होता. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा तो ताठ बसला.

"सिस्टर, सा आहे ना. चौदा महिने झाले, एकदाही मोडला नाही."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. तिला काय ते कळलं. डॉक्टरांनी अजून मोकळं केलं नाही का, असं तिने हळूच विचारलं. मी तपासायलाच गेले नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हणाले, त्या सांगायला विसरल्या असतील. ज्या बाईने मला वाचवलं तिच्यावरच ढकलून मोकळी झाले. नर्सने मलमाची एक नळी पुढे ठेवली. कोरडेपणा पुष्कळ जणींना येतो, त्यावर उपाय आहे, मन होईल तेव्हाच, पण एकमेकांशी बोला, असं सांगून ती पुढच्या घरी गेली.

त्याचा तो अभिमान मला सोसवेना. मी त्याला सगळं सांगून टाकलं. सहा आठवडेच होते, मीच बोलले नाही.

तो खोवत राहिला. अर्धा नारळ संपला तेव्हा म्हणाला, "मी नकोसा झालो होतो?"

"तू नाही. मीच मला नकोशी झाले होते."

तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने करवंटी खाली ठेवली.

"मला वाटायचं, हात लावला तर तू मरशील. विचारायचीही छाती झाली नाही. मग मळ्यात जाण्याआधी पहाटे दाराशी यायचो, तुझा श्वास चाललाय का बघायला."

ती पावलं मला रोज ऐकू यायची. तो मागायला आलाय असं धरून मी पाठ फिरवायचे आणि झोपेचं सोंग घ्यायचे.

"तू रोज पाठ करून झोपलेली असायचीस," तो म्हणाला. "मग पांघरूण हलेपर्यंत उभा राहायचो."