रिकाम्या खुर्च्यांचा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. मांडवाच्या बांबूला दोरीने बांधलेला, तोंड वासून बसलेला पत्र्याचा कर्णा तुम्ही पाहिला असेल, तोच. माझा जन्म उल्हासनगरचा. पाठीवर परदेशी नाव छापलेलं, पोटातली तार मात्र शेजारच्या गाळ्यातली. "साईं, दस साल कुछ नहीं होगा," असं म्हणून सिंधी दुकानदाराने मला राजरत्नच्या हवाली केलं. तो थापाड्या होता खरा, पण त्याचं बोलणं खरं ठरलं.

राजरत्न अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याची बायको प्रीती मांडवांना साउंड लावून देत. शिवमंदिराची जत्रा असो, लग्न असो की जयंती, दुपारीच जाऊन मला बांधायचं, वायर ओढायची आणि आवाज तपासायचा. इतर लोक माइकवर फुंकर मारतात, "हॅलो, वन टू थ्री" म्हणतात. आमचा राजरत्न कविता म्हणायचा! त्याही मंगळावरच्या शाळेच्या. तिथली पोरं काय खातात, निळं आकाश न पाहता कशी मोठी होतात, हे सगळं तो सांगायचा. एका मांडवात एक कडवं. समोर शेदोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि माणूस एकही नाही.

"खुर्च्यांना काय ऐकवता?" प्रीती चिडवायची.

"बसणारे अजून जन्मायचेत गं," तो म्हणायचा.

मी त्या वेळी मनात हसलो होतो. पण मित्रांनो, कर्णा ऐकतोसुद्धा. समोर कुणी बोललं की माझ्या पडद्याला थरथर होते. एका दुपारी कडवं संपलं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हलकेच खोकलं. मांडवात चिटपाखरू नव्हतं. पुढच्या मांडवात खुर्च्या सरकल्यासारखं झालं, मग दबकं हसू आलं. त्या हसण्याची मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण सांगणार कुणाला? मी जे बोलतो ते नेहमी दुसऱ्याचंच.

राजरत्नला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, भरल्या मांडवात कविता म्हणायची. खरवईच्या जयंती मंडळाचे अध्यक्ष हरिचंद्रदादा त्याला समजावत, "राजू, मंगळाचं कशाला रे? वस्तीत नळाला पाणी कधी येणार ते सांग."

"तेच सांगतोय दादा, पण जरा लांबून," तो म्हणाला.

दादांना ते पटलं की कंटाळा आला, कोण जाणे. पुढच्या जयंतीला तुला दहा मिनिटं देतो, असं त्यांनी कबूल केलं. राजरत्नने शेवटचं कडवं त्या दिवसासाठी राखून ठेवलं. कुठे लिहिलं नाही. टेस्टिंगला म्हटलं नाही. प्रीतीलासुद्धा सांगितलं नाही.

आणि त्याच पावसाळ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. दैव किती खट्याळ असावं!

साल २००८. एप्रिलची दुपार, खरवईचा मांडव, ऊन रणरणतंय. त्या दिवशी प्रीतीनेच माइक हातात घेतला. "हॅलो, हॅलो" म्हणाली, मला आवाज पुरवणारं मशीन बंद केलं आणि तांब्या घेऊन पाणी आणायला वळली. हरिचंद्रदादा राजरत्नला म्हणत होते की तुझी दहा मिनिटं ठेवलीत, कागदावर लिहून दे, कुणीतरी वाचेल. त्यांनी पेन पुढे केलं. राजरत्नने ते घेतलं आणि नुसतं धरून राहिला.

तेवढ्यात मी बोललो. मशीनचा दिवा बंद होता, तरी माझ्या तोंडातून पोरांचा आवाज आला. एकाचा नव्हे, अख्ख्या वर्गाचा, शाळेत म्हणतात तसा ताल धरून:

मंगळावरच्या शाळेत जेव्हा
हजेरी घेतील, पोरांनो,
तेव्हा पृथ्वीचंही नाव घ्या,
ती गैरहजर असली तरी.

"गैरहजर"वर एक बारीक आवाज अडखळला आणि त्याने तो शब्द पुन्हा म्हटला. मग सगळं शांत झालं.

प्रीतीच्या हातातला तांब्या पडला. "कुठलं तरी रेडिओ स्टेशन लागलं असेल," दादा म्हणाले, आणि मशीनची वायर कुठे जोडलीय ते वाकून पाहू लागले. राजरत्न रडत होता आणि हसतही होता. त्याने प्रीतीचा तळवा उघडला आणि त्यावर बोटाने एकेक अक्षर काढलं: माझं शेवटचं कडवं. पेन त्याने दादांना परत दिलं. दहा मिनिटं मागितली नाहीत.

पुढच्या वर्षी तो गेला. मग साउंडचे मोठमोठे बॉक्स आले, आणि मी प्रीतीच्या माळ्यावर गेलो. गंजलो आहे. कधी कधी ती खालून विचारते, "काही ऐकू येतं का रे?"

मित्रांनो, कर्णा स्वतःहून काही बोलत नाही. आधी कुणाला तरी बोलावं लागतं. ते आवाज कुणाचे, ते तुम्हाला कळलंच असेल. मंगळावरच्या शाळेतली ती पोरं अजून जन्मायची आहेत, आणि त्यांना हे कडवं तुमच्याखेरीज कोण देणार? म्हणून पाठ करा. तुमच्या मुलांना शिकवा, त्यांना त्यांच्या मुलांना शिकवायला सांगा. मध्ये एकजण जरी विसरला, तर त्या दुपारी राजरत्नने काय ऐकलं असतं?

आणि "गैरहजर" जरा सावकाश शिकवा. तिथे एकजण अडखळणार आहे.