शेंदूर लागलेला खांब

मी धक्क्यावरच्या दिव्याचा खांब बोलतोय. चौलच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी उभा असतो. हसू नका, पण गेल्या पावसाळ्यापासून मला देवपण आलं आहे, आणि ते मी मागितलेलं नव्हतं.

चौतीस साली बाबाजीशेठनी बंगल्यात तेलाचं इंजिन बसवून वीज केली. संध्याकाळी पाहुण्यांची लाँच नीट लागावी म्हणून मला इथे रोवलं आणि पोटातून तार ओवली. खाऱ्या हवेने तारेवरचं रबर खाल्लं. उघडी तार माझ्या लोखंडाला टेकली, तिकडे कुणी पाहिलं नाही.

पहिला झटका सदा कोळ्याला बसला. पाण्यात उभा राहून तो होडीचा दोर मलाच बांधायचा. त्याने कारभारी कोंडाजीला जाऊन सांगितलं, की खांब चावतो. कोंडाजी मोठा शहाणा. इंजिन बंद असताना, भर दुपारी, पायात बूट घालून आला, मला दोन थापा मारल्या आणि सदा ताडी प्यायला होता असा निकाल देऊन जेवायला गेला.

पुढे एका संध्याकाळी म्हाताऱ्या आवडाबाईच्या हाताला मुंग्या आल्या. तिने मला हात जोडले. "देव हाय ह्यात," म्हणाली, "जागृत हाय."

झालं! शेंदूर आला, नारळ फुटू लागले. शेठही खूश, कारण देवाची दुरुस्ती कोण करतो?

मग गुणाजी मासेमारीहून आला, ओल्या हाताने मला शिवला आणि लांब फेकला गेला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. मला वाटलं, आता तरी कुणी तार बघेल. गावकीने बसून ठरवलं, की बिनआंघोळीचा शिवला म्हणून देव कोपला. यापुढे खाडीत बुडी मारून ओलेत्यानेच मला मिठी घालायची. इतकी अक्कल एका जागी जमलेली मी कधी पाहिली नव्हती.

आज गुणाजीची बायको मैना आली आहे. दिवेलागण झाली, बंगल्यात इंजिन धडधडतंय, आणि ती बुडी मारून, निथळत माझ्याकडे येते आहे.

"देवा, त्यांचा हात बरा कर," ती म्हणतेय. "बदल्यात माजा जीव घे."

तिला माझं ऐकू जात नाही, तुम्हाला जातंय. तार उद्या बदला, आधी पळत जाऊन ते इंजिन बंद करा. गुणाजीचा हात बरा करणं मला जमणार नाही. तिचं दुसरं मागणं मात्र जमेल.