आत कुणी राहिलं का?

तपासणीला आलेल्या पाध्ये साहेबांनी खोलीत शिरून दार लोटलं, आतून कडी घालायला हात नेला आणि बोटांना स्क्रूची रिकामी भोकं तेवढी लागली. त्यांनी शेजारच्या खोलीचं दार पाहिलं, मग त्याच्या पुढचं. न्हाणीचंही पाहिलं. बाहेर वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका गौसिया ओढणी सावरत उभी होती.

"एकाही दाराला कडी नाही?"

"नाही सर. काढल्यात."

"कुणी?"

"राहणाऱ्यांनीच. बसम्मा आल्या त्याच दिवशी त्यांनी पहिली उपटली. मग बाकीच्यांनी."

"आणि न्हाणीला?"

"आत असलेल्यानं गाणं म्हणत राहायचं, सर. आवाज आला की दुसरं कुणी जात नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं. पुण्याकडून बदली होऊन ते नुकतेच लातूरला आले होते. माणूस वाईट नव्हता. चहाला नको म्हणाले, डाळीचं पातेलं उघडून वास घेतला, औषधांच्या तारखा तपासल्या, आणि चांगलं दिसलं ते चांगलं म्हणून लिहिलं. गौसियाला धास्ती होती ती या सरळपणाचीच. लबाडाला गोड बोलून पटवता येतं. सरळ माणूस दिसेल ते कागदावर उतरवतो आणि निघून जातो.

आणि दिसत होतं ते नियमात बसणारं नव्हतंच. पक्क्या स्लॅबच्या खोल्या रिकाम्या पडलेल्या आणि म्हातारी माणसं बाहेर पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये, खाटेला खाट लावून. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. औशाच्या रस्त्यावरचा हा वृद्धाश्रम भूकंपानंतर निघाला तो किल्लारीच्या बाजूच्या माणसांसाठी. पंचवीस वर्षं उलटली, तरी डोक्यावर स्लॅब आला की त्यांचा डोळा लागत नसे. खात्याकडं आलेल्या तक्रारीच्या अर्जात मात्र लिहिलं होतं, 'वृद्धांना उघड्यावर झोपवतात.' अर्ज कुणी केला हे गौसियाला पक्कं ठाऊक होतं. भिंतीपलीकडच्या क्लासवाल्यांचं वसतिगृह पोरांनी ओसंडून चाललं होतं आणि त्यांना ही जागा हवी होती. परवानगी गेली की बसम्मा एका जिल्ह्यात, शेषेराव दुसऱ्या. जिथं खाट रिकामी, तिथं माणूस. उरलंसुरलं आयुष्य त्यांनी अनोळखी माणसांत काढायचं.

"कड्यांचं कारण काय?" साहेबांनी विचारलं.

"त्या रात्री भिंती कलल्या आणि दारं आवळून बसली, सर. बसम्मांचे मालक कडीवर हात ठेवूनच गेले."

 साहेब हळू आवाजात म्हणाले, "मला समजतं. पण मी एका आश्रमाची आग पाहिलीय. त्यानंतर मी शब्दावर विसंबत नाही. रात्री तुम्ही इथं असता?"

"जेवणं उरकून घरी जाते. फाटकावर राखणदार असतो."

"म्हणजे आत कुणीच नाही. मग मला तेच बघायचंय. तुम्ही फाटकाशी उभ्या राहा. मी इशारा देतो. आग लागलीय असं समजून यांनी बाहेर यायचं. मदत करायची नाही, हाक मारायची नाही. मी आत थांबून बघतो."

 शेषेरावांचं डावं अंग लुळं. गुरुबसप्पांना कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू जात नाही. त्यातून सगळ्यांची दुपारची जेवणं झालेली, शेड घोरत पडलं होतं. पण साहेबांपुढं बोलणार काय? ती मुकाट फाटकाशी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी स्वयंपाकघरातलं ताट उचललं आणि पळीनं बडवायला सुरुवात केली.

कुणी ओरडलं नाही. गौसियाला वाटलं होतं की एकच गोंधळ उडेल, कुणी पडेल, कुणी रडेल. तसलं काही झालं नाही. जो जागा झाला त्यानं आधी शेजारच्या खाटेला हात घातला. गुरुबसप्पांचा पाय कुणीतरी गदागदा हलवला. ते उठले आणि काही न विचारता पलीकडच्या आंधळ्या सिद्धरामचं मनगट धरून चालू लागले. दोन म्हाताऱ्यांनी शेषेरावांना अंथरलेल्या गोधडीसकट खाली घेतलं आणि गोधडीची टोकं धरून ओढत नेलं. शेषेराव उताणे पडून "डाव्या अंगानं, डाव्या अंगानं" म्हणून त्यांनाच वाट सांगत होते.

तपासणीसाठी गौसियानं भिंतीलगत 'जमण्याची जागा' अशी पाटी मुद्दाम रंगवून घेतली होती. तिकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. भिंतीजवळ उभं राहायचं? या माणसांनी? सगळे गेले ते थेट मैदानाच्या मधोमध, जिथं अंगावर पडायला आभाळाशिवाय काही नव्हतं. तिथं गोल करून बसले आणि बसम्मा उभ्या राहून एकेकाचं नाव पुकारू लागल्या. नाव घेतलं की उत्तर यायचं, "हाय." "हाय." "हाय."

गौसियानं नजरेनं मोजलं. सगळे होते. तिच्या छातीवरचा दगड उतरला, पण बसम्मा खाली बसेनात.

"येक आत राहिला," त्या म्हणाल्या. "प्यांटवाला."

"अम्मा, अहो ते साहेब..."

पण बसम्मा निघाल्याही होत्या. वाकलेल्या कमरेनं, लुगड्याचा ओचा हातात धरून त्या आत घुसल्या. ताटाचा आवाज मध्येच बंद पडला. आतून साहेबांचं काहीतरी ऐकू आलं, मग बसम्मांचं, आणि मग दोघंही बाहेर आले. साहेबांचं मनगट बसम्मांच्या मुठीत होतं.

"आजी, मी तपासणी करतोय. मी मुद्दाम आत थांबलो होतो."

"तपासणी भाईर बसून करा. आत मानूस ठिवून म्या भाईर कशी बसू?"

 बसम्मांनी त्यांना शेषेराव आणि गुरुबसप्पांच्या मधल्या जागेत बसवलं.

"नाव काय लेकरा?"

"पाध्ये."

"आईनं ठिवलेलं सांग."

"अरविंद."

"अरविंद!" बसम्मांनी खणखणीत पुकारा केला.

साहेब इकडंतिकडं पाहू लागले. शेषेरावांनी उजव्या कोपरानं ढोसलं. "हाय म्हना."

"हाय," साहेब म्हणाले, आणि सगळी म्हातारी मंडळी खदखदून हसली. न ऐकताही गुरुबसप्पा सगळ्यात जोरात हसले. गौसिया फाटकाला धरून हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

हसू ओसरल्यावर साहेबांनी मांडीवर कागद घेतला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोन शिकवनार?" शेषेराव म्हणाले. "तवा, भुकंपात, आमी हाका मारल्या त्या सकाळ झाल्यावर; तवर उशीर झालता. आता रोज रातच्याला जेवनं झाली की हाजरी घेतो, मंग निजतो."

साहेब बराच वेळ लिहीत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "मॅडम, परवानगी राहील. मी तशीच शिफारस करतोय, आणि अर्ज निकाली काढतोय. फक्त एक त्रुटी मला लिहावीच लागेल. रात्री व्यवस्थापिका हजर नसतात."

"नसती कशी?" शेषेराव एकदम तापले. "रोज तिचं बी नाव घेतो आमी. समद्यात शेवटाला. ती नसती, मंग म्या सांगतो, घरी हाय, सुखरूप हाय. त्याबिगर कुनी आंग टाकत न्हाई."

गौसियाला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी फाटक ओढून घेताना ती मागं वळून पाहायची ती यांच्याच काळजीनं. ती फाटक सोडून दोन पावलं पुढं आली आणि तिथंच थबकली.

बसम्मा अजून उभ्याच होत्या. त्यांनी कपाळावर हात धरून उन्हातून फाटकाकडं पाहिलं.

"गौसिया!"

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. 

"हाय, अम्मा."

तेव्हा कुठं बसम्मा खाली बसल्या.