वैजूची खोली

हेमलताबाईंनी कॉम्प्युटरमधली रॅमची एक पट्टी काढली आणि घरातली आतली खोली गेली. खोलीत दिनकरराव पेपर वाचत बसले होते. त्यांना आधी सांगायला हवं होतं, असं बाईंच्या मनात आलं.

शिंप्याकडे जाताना मापाचा जुना ब्लाउज न्यावा, तशी ती पट्टी त्यांनी नमुन्याला काढली होती. घर कॉम्प्युटरवर आहे हे त्यांना मिरजेतला आपला टायपिंग क्लास बंद केला त्या वर्षापासून ठाऊक होतं. सकाळी सुरू होताना मशीन जेवढी मेमरी मोजेल, तेवढ्या खोल्या. आत चार खोबणी होत्या, दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. एका पट्टीवर बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, दुसरीवर आतली खोली. कुठली कशाची, हे मात्र त्यांनी कधी पाहून ठेवलं नव्हतं.

शुक्रवारी इंदूरहून वैजू पंधरा दिवसांसाठी येणार होती. मागच्या दिवाळीत लेकीला बाहेरच्या खोलीत गादी घालून दिली होती. तिनं कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी काहीतरी कामाचं निमित्त सांगून गेली, आणि जाताना तिनं गादीची घडी इतकी नीट घातली की बाईंना ती अजून आठवत होती. या खेपेलाही तिला खोली नसली तर ती पुन्हा येणार नव्हती.

बाईंनी पट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. आतल्या खोलीच्या दाराच्या जागी आता सलग भिंत होती. तिच्यावर एक नजर टाकून त्या निघाल्या.

दुकान शौकत मुजावरचं होतं. त्याच्या डाव्या करंगळीत जोर नसायचा, म्हणून चाळीस वर्षांपूर्वी बाईंच्या क्लासमध्ये त्याचा प्रत्येक 'ए' फिकट उमटायचा. ती करंगळी वर धरूनच त्यानं पट्टी उजेडात नेली.

"फार जुनी आहे, बाई. हिच्या जोडीची आता बनत नाही."

त्यानं नवी पट्टी शेजारी ठेवून दाखवली. दोन्हींच्या कडेला एकेक खाच होती, पण नवीची नखभर सरकलेली. तेवढ्यानंही ती बसत नाही म्हणाला, आणि जोर केला तर बोर्डच तडकतो. त्यापेक्षा बोर्ड, मेमरी, सगळंच नवं घ्या, चांगल्या पाच खोल्या होतील. मग या जुन्या पट्ट्यांचं काय, असं बाईंनी विचारलं.

"भंगारात. दुसरं काय?" बोलता बोलता त्यानं सवयीनं खोडरबर उचललं आणि पट्टीचे सोनेरी दात घासायला घेतले.

"घासू नकोस. हिच्यात हे आहेत," बाई म्हणाल्या.

शौकतनं खोडरबर ठेवलं आणि पट्टी दोन्ही हातांवर घेतली. "सर आहेत? मग आधी सांगायचं नाही का, बाई."

तो बराच वेळ खालच्या खणात शोधत राहिला. शेवटी एक पट्टी सापडली. खाच बरोबर जिथल्या तिथे. एक दवाखाना बंद झाला, त्याच्या मशीनमधून निघालेली.

"पण ही सावकाश आहे," तो म्हणाला. "एक सावकाश असली की बाकीच्याही तिच्याच चालीनं चालतात. पारू घाटगेसारखं होईल, बघा."

बाईंना पारू आठवत होती. तिनं मागे पडून रडू नये म्हणून बाई सगळ्या वर्गाला तिच्या वेगानं टाइप करायला लावायच्या. सगळे आपल्यासाठी थांबतात हे कळल्यावर पारू आणखी सावकाश झाली. शेवटच्या महिन्यात सकाळच्या बॅचचं एक पान संपायला दिवेलागण व्हायची.

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी दोन्ही पट्ट्या कट् असा आवाज होईपर्यंत दाबून बसवल्या. मशीननं तिन्ही पट्ट्यांचे मिळून तीन हजार बहात्तर एमबी मोजले. आतली खोली आली. दिनकरराव त्याच पानावर होते.

"चहा ठेवतेस का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या पलीकडे नवी खोली आली होती. तिच्यात एक लांब बाक होता, आणि बाकामागच्या भिंतीवर डोकी टेकून टेकून पडलेले तेलकट गोल. बाईंनी बाकावर धुतलेली चादर घातली, गोलांवर वैजूचा लहानपणचा फोटो लावला. एक गोल उरला. दिनकरराव पेपर घेऊन तिथेच येऊन बसले. इथे उजेड चांगला आहे म्हणाले.

घरात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. घाई वाढली ती बाहेर. चहाला उकळी येईपर्यंत दारात दोन दिवसांचे पेपर पडले. चहा गाळून होतो तो आणखी तीन. मग वैजूचा फोन आला. पुढे पळवलेल्या कॅसेटसारखा तिचा आवाज बारीक झाला होता. बाई "हॅलो" म्हणेपर्यंत तिचं बोलून संपलं होतं.

त्यांनी फोन ठेवला आणि कॅबिनेटचे स्क्रू काढले. सावकाश पट्टी काढून टाकायला हवी होती. पण दिनकरराव आत असताना काढली, तर त्यांना आणायला तीच पुन्हा घालावी लागली असती.

"अहो, बाहेर या. ही खोली काढायची आहे."

"एवढं पान संपवतो."

"वैजू येईल."

"मग तिची खोली काढतेस कशाला?" दिनकरराव म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात बेल वाजली. एकदा नाही, लागोपाठ इतक्या वेळा, की त्याचा एकच लांब आवाज झाला. बाईंनी मागे पाहिलं. दाराच्या जाळीपलीकडे वैजू उभी होती. तिनं बॅग खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. तिच्या मागे ऊन आलं, गेलं, आलं. मग ती नव्हती. मग दुसऱ्या साडीत होती.

दार आठ पावलांवर होतं. आले, आले, असं म्हणत बाई निघाल्या. तिसरं पाऊल टाकलं तेव्हा वैजूच्या भांगाजवळ पांढरी बट आली होती. चौथं उचललं तेव्हा तिनं जाळीला कपाळ टेकवलं होतं, आणि जाळीवर तिथे एक तेलकट गोल उमटू लागला होता.

मागच्या खोलीत दिनकररावांनी चष्मा लावला आणि पान पहिल्यापासून वाचायला घेतलं.