बरा झालेला बुध्या

जगदीश पास्टरांच्या मंडळीत साक्ष द्यायची एक रीत आहे. आधी माणसाचं वाईट चाललेलं असतं, मग त्याला प्रभू भेटतो, मग सगळं चांगलं होतं आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यानंतर काय झालं याची चौकशी होत नाही, कारण तोवर पुढचा साक्षीदार उठून उभा राहिलेला असतो.

शेणव्याच्या पुढे, गाव संपून माळ लागतो तिथे पंचवीस घरांची कातकरी वाडी आहे. त्यातली नऊ घरं प्रभूकडे गेलेली. दर रविवारी अकराला पास्टर कल्याणहून मोटरसायकलवर येतात. त्यांचं नाव जगदीशच राहिलं. बदलायचं एकदा ठरलं होतं, पण आधार कार्डापासून सगळं बदलावं लागेल म्हटल्यावर प्रभूनेही आग्रह धरला नाही. दिवाळीनंतर वाडीतली धडधाकट माणसं वीटभट्टीवर जातात. मागे उरतात म्हातारे आणि आजारी, आणि एवढ्यांतून दर आठवड्याला एक विजयाची साक्ष काढणं सोपं काम नाही.

म्हणून बुध्या बरा झाला तेव्हा पास्टरांना खरोखर आनंद झाला.

बुध्याला मंडळीत येऊन चार वर्षं झाली होती. पंचेचाळीस वर्षं तो गावात बुध्या होता आणि कामावर 'ए' होता. मंडळीत पहिल्या दिवशी पास्टर म्हणाले, "या बुधाभाऊ, बसा." तो खुर्चीवर बसला आणि ख्रिस्ती झाला. यात हसण्यासारखं काही नाही. याहून क्षुल्लक कारणांनी लोक बरंच काय काय होतात. त्याने दारू सोडली आणि खोटं बोलणं सोडलं. दारू सोडल्याचं वाडीने समजून घेतलं. खोटं सोडल्याचा मात्र त्रास झाला. एकदा जंगलखात्याच्या गार्डने सहज, उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारलं, "हे ऐनाचं झाड कुणी तोडलं रे?" बुध्या म्हणाला, "मी." पुढे काय करायचं असतं ते गार्डलाही पटकन आठवेना.

गणपतीनंतर त्याला खोकला लागला. शहापूरला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या. गोळ्या वाडीत आणून द्यायच्या आणि तो घेतो की नाही ते बघायचं, हे काम गावातल्या आशाताईचं. तिचं नाव नेहा. बुध्या गोळ्या घ्यायचा, त्याची बायको वेणू त्याला अंडं उकडून द्यायची आणि मंडळी प्रार्थना करायची. नाताळापर्यंत ताप गेला, भूक आली, गाल थोडे वर आले. तिघांपैकी कोणाचा गुण आला हे वेणूने कधी विचारलं नाही. ती तिघांचीही आभारी होती.

जानेवारीत मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याच्या बाजूला मेळावा भरला. टेम्पोत बसल्या बसल्या पास्टरांनी साक्ष पाठ करून घेतली.

"आनि गोळ्या?" बुध्याने विचारलं.

"गोळ्यांचं राहू द्या, बुधाभाऊ. प्रत्येकाला तीनच मिनिटं आहेत."

मांडवात चारशे माणूस होतं. बुध्या माइक धरून म्हणाला, "मला टीबी झाला होता. प्रभूनं मला बरा केला. आता मी बरा हाय." टाळ्या वाजल्या. एकाने मोबाइलवर उतरवून घेतलं, आणि रात्र पडायच्या आत ती साक्ष अकोल्यापासून अंबरनाथपर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुध्याने गोळी घेतली नाही.

त्याचा हिशेब सरळ होता. देवासमोर आणि चारशे माणसांसमोर मी बरा आहे असं तो बोलला होता. बरा माणूस गोळ्या खात नाही. खात असेल तर तो बोलला ते खोटं. गोळ्यांची पाकिटं फेकून देणं बरोबर नव्हतं, कारण ती सरकारची होती. म्हणून त्याने ती गाण्यांच्या वहीसोबत पत्र्याच्या पेटीत नीट रचून ठेवली. वेणू त्या दिवसांत पहाटेच गावात भेंडी खुडायला जायची. तिला वाटायचं, घेतो.

मार्चमध्ये नेहा आली तेव्हा बुध्या ओट्यावर बसून खोकत होता.

"काका, लघवी लाल होते ना?" तिने विचारलं. गोळ्या पोटात जात असल्या की लाल होते. आशाताईंचा हा साधा हिशेब.

"नाय."

"कधीपासून?"

"मेळाव्यापासून."

नेहा खाली बसली. वेणू चुलीपुढून उठून दारात आली.

"सात आठवडे," नेहा म्हणाली. "काका, मी दर वेळी विचारत होते, गोळ्या आहेत ना, तर तुम्ही हो म्हणत होतात."

"हायेत ना. पेटीत हायेत. घेता का असं तू इचारलंच नाय."

"सोडा त्याला," वेणू म्हणाली. "थुंकीत रगत पडतंय ताई. मला म्हनतो, मिश्री लावली. मिश्री कधी लावली रे तू?"

"मिश्री लावली असंल, असं म्हनलो. असंल."

"बघा. देवाचा मानूस."

नेहाने समजावलं. आता पुन्हा थुंकी तपासायची, अर्धवट सोडल्याने रोग हट्टी झाला असेल तर दुसऱ्या गोळ्या, जास्त महिने. नाही घेतल्या तर काय होतं तेही सांगितलं, आडपडदा न ठेवता.

बुध्याने सगळं ऐकून घेतलं. "घेतो ना. पन आधी मला सांगाय लागंल. बरा हाय असं बोललोय मी."

"कुणाला बोललात? देवाला? मग देवाला सांगा, परत झालाय म्हणून."

"देवाला म्हाइत हाय. लोकांना म्हाइत नाय."

"लोक चारशे होते ना," वेणू म्हणाली, "ते जेवून आपापल्या घरी गेले. तुजा खोकला माज्या कानाशी हाय."

पण तो हलला नाही. मंडळीत उभं राहून आधी खरं सांगायचं, मग गोळी. नाहीतर लपून गोळी खाणं हे लपून दारू पिण्यासारखंच, असं त्याचं म्हणणं. ते त्याने केलेलं असल्यामुळे त्यातलं त्याला कळत होतं.

रविवारी प्रार्थनेआधी वेणूने पास्टरांना मंडळी भरते त्या शेडच्या मागे गाठलं. पास्टर खिशातून पाकीट काढून चहाआधीची गोळी गिळत होते.

"कसली वो?"

"साखरेची. बारा वर्षं झाली." तिने सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खरंच उतरला. "अहो वेणूताई, गोळ्या घेऊ नका असं मी कधी म्हटलं? आजच सुरू करा. नेऊ का मी गाडीवर?"

"आधी सांगाय पायजे म्हनतो. उभा ऱ्हाऊन."

पास्टरांनी पाकीट परत खिशात ठेवलं. "पुढच्या रविवारी बंगळूरहून पाहुणे येतायत. व्हिडिओ बघूनच येतायत. ते येऊन जाऊ देत. गोळ्या घेऊ दे त्याला, फक्त बोलायला नको. लोकांचा विश्वास ढळतो, ताई. मी चार वाड्या सांभाळतो. माझंही मन कधी कधी..." ते थांबले. "असो."

"तुमची साखर गेली, अशी साक्ष दिली नाय ना तुमी कधी?"

"नाही."

"म्हनून तुमाला गोळी चालते," वेणू म्हणाली आणि आत जाऊन बसली.

त्या दिवशीचा संदेश निराशेवर होता. खचलेल्या माणसाने काय करावं, याचे पाच मुद्दे पास्टरांनी सांगितले. बायबलातला एक संदेष्टा जीव नकोसा होऊन रानात झाडाखाली झोपला होता, ती गोष्ट सांगितली. त्यातलं त्याला देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं एवढंच बुध्याच्या लक्षात राहिलं. देवदूताने त्याला साक्ष विचारली नाही. पाच मुद्दे होईपर्यंत बुध्या तीनदा बाहेर जाऊन थुंकून आला. प्रार्थना संपल्यावर पास्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "धीर धरा, बुधाभाऊ." त्याने धरला. आठ दिवस धरला. पाचव्या दिवसापासून त्याला ओट्यावरून उठायला वेणूचा खांदा लागायला लागला.

पाहुणे आले. दोन पुरुष, एक बाई, तिघेही सभ्य आणि घामाने भिजलेले. बुध्याला पांढरा शर्ट घालून पुढे बसवलं होतं. शर्टात आणखी एक बुध्या मावला असता. गाणी झाली. पास्टर साक्ष विचारायच्या आत बुध्या खुर्चीला धरून उठला, तोंड उघडलं आणि खोकला आला तो थांबेना. तो परत बसला.

मग वेणू उठली. पास्टरांना बरं वाटलं, कारण बायका सहसा उठत नाहीत.

"ह्या मानसाला टीबी झाला," वेणू म्हणाली. "सरकारी गोळ्या घेतल्या. प्रार्थना केली. अंडी खाल्ली. मग बरं वाटाय लागलं. मग याला मेळाव्यात बोलाय लावलं, बरा झाला म्हनून. बोलला. मग खोटं नको पडाय, म्हनून गोळ्या बंद केल्या यानं. आता रगत पडतंय. हा बरा नाय. झाली साक्ष."

टाळ्या वाजवायला हात वर गेलेले काही जण होते. त्यांनी ते मांडीवर ठेवले. पाहुण्या बाईने वाकून पास्टरांना विचारलं, काय म्हणाली? पास्टरांनी इंग्रजीत सांगितलं की बहीण पतीसाठी प्रार्थनेची विनंती करते आहे. हे भाषांतर तसं चूक नव्हतं. पाहुण्यांनी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली आणि नंतर फोटो काढला.

बुध्या बसूनच म्हणाला, "ती बोलली ते खरं हाय. मी बरा नाय." आवाज फार गेला नाही, पण शेड लहान होतं.

मागून बारकी उठली. बारकी म्हणजे मंडळीतली सर्वांत म्हातारी बाई. दोन मुलगे भट्टीवर गेलेले, त्यातला एक तिकडेच राहिलेला. चार वर्षांत तिने एकदाही साक्ष दिली नव्हती, कारण तिच्याकडे चांगला शेवट असलेलं काही नव्हतं. ती काठी टेकत आली आणि बुध्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"देवा," ती म्हणाली, "ह्यो बरा नाय. मी पन बरी नाय. तू हाईस ना? मंग ऱ्हा हितंच."

आमेन म्हणायचं राहून गेलं. बुध्या रडत होता. वेणूने त्याला रडताना शेवटचं पाहिलं होतं ते दारू सुटत होती तेव्हा. तिने त्याला थोडं रडू दिलं, मग दंडाला धरून उठवलं. वेणूने सांगून ठेवल्याप्रमाणे रस्त्यावर नेहा रिक्षा थांबवून उभी होती.

थुंकी तपासली, रोग हट्टी निघाला. आता गोळ्या वेगळ्या आणि बऱ्याच जास्त महिन्यांच्या. बरा होईन का, असं बुध्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, घेत राहिलात तर शक्यता आहे. कोणी आपल्याशी इतकं मोजून बोललेलं बुध्याला आवडलं.

पास्टर दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले आणि बुध्याच्या ओट्यावर अर्धा तास बसले. व्हिडिओ तेवढा फिरत राहिला. एकदा सुटलेला आवरायची रीत मंडळीला माहीत नव्हती.

महिन्याभराने वैशाखऱ्याकडची एक बाई वाडी शोधत आली. भिमी तिचं नाव. "साक्ष दिलेले बुधाभाऊ तुमीच का?" ती म्हणाली. "आमच्या मालकांनी तुमचं मोबाइलवर बघितलं. त्यांना पन तोच हाय. गोळ्या बंद केल्यात. म्हनतात, इश्वास धरलाय." ती रागावलेली नव्हती. त्याने येऊन हात ठेवावा, एवढं मागायला ती आली होती.

बुध्या भिंतीला धरून उठला आणि चप्पल शोधायला लागला.

"जाऊ नको," वेणू म्हणाली. "श्वास नाय तुज्यात."

"जायाला पायजे, गो."

डॉक्टरांना विचारून, तोंडाला मास्क लावून, तो गेला. वेणू बरोबर गेली. मुरबाडपर्यंत आणि पुढे एसटी खच्चून भरलेली होती. भिमीचा नवरा, लडकू, अंगणात बाजेवर पडला होता. त्याने बुध्याला ओळखलं आणि त्याचे डोळे चमकले. मग बुध्याने मास्क खाली करून पाणी मागितलं, खिशातल्या गोळ्या काढल्या आणि त्याच्यासमोर एकेक करून गिळल्या.

"तुमी तर बरं झालात," तो म्हणाला.

"नाय झालो. ते चुकीचं बोललो मी. उद्या दवाखान्यात जा."

"आनि प्रभू?"

बुध्याने मास्क वर घेतला आणि थोडा दम खाल्ला. "त्यो हाय. एसटीत माज्यासंगं उभाच होता. बसाय जागा नव्हती."

लडकूला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि तो ऐकून बुध्यालाही लागला. वेणू आणि भिमी उन्हात उभ्या राहून दोघांचा खोकला थांबायची वाट बघू लागल्या.