देण्याजोगं यकृत

"तुमच्या यकृताचा तुकडा बहिणीला देता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात चरबी साठलीय. बावीस टक्के."

मामा खुर्चीत पुढे सरकले. दहा मजली इमारतीत एकोणीस वर्षं लिफ्ट चालवणाऱ्या या माणसाला सगळे मामाच म्हणत. धाकट्या बहिणीचं यकृत निकामी होत चाललं होतं आणि घरात रक्तगट जुळणारे तेवढे एकटेच.

"अहो, मी दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही," ते म्हणाले.

"ते तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं. काविळीच्या तपासण्या केल्या, औषधं कुठली घेता ते पाहिलं. त्यातलं काही निघालं नाही. रक्तातले यकृताचे आकडे मात्र किंचित चढलेले, सोनोग्राफीत ते नको तितकं पांढरं दिसलं. म्हणून मोठा स्कॅन केला. न पिणाऱ्यांनाही होतं हे."

"पण दुखत तर काहीच नाही."

"बहुतेकांचं दुखत नाही. दिवसभर बसून काम?"

"स्टुलावर. आठ तास."

"चहा किती?"

मामा आठवू लागले. बायको शेजारीच बसली होती. "मजल्यागणिक एक," ती म्हणाली. "गोड. बिस्किटं वेगळी."

"वडिलांना मधुमेह होता?"

"होता."

"तुमचीही साखर उंबरठ्यावर आहे. सुटलेलं पोट, साखर, ही चरबी, सगळी एकाच घरची मंडळी." मग त्या थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, "उतरते ही. वजन नऊ-दहा किलो कमी करा, पण उपाशी राहून नाही. बहिणीकडे चार महिने आहेत, फार तर."

"औषध काही?"

"औषधापेक्षा तुमच्या पायांवर माझा भरवसा जास्त आहे."

दुसऱ्या दिवसापासून मामांनी साखरेच्या नावानं कानाला खडा लावला. जेवणाच्या सुट्टीत लिफ्ट बंद करून ते जिना चढू लागले. पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले. आठव्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी विचारलं, "मामा, लिफ्ट बिघडली की काय?"

"लिफ्ट ठीक आहे साहेब. मीच बिघडलोय."

बहीण मात्र चिडली. "दादा, माझ्यापायी हाल करून घेऊ नकोस."

"हाल कसले? चहात साखर नाही, एवढंच."

"तू चहात साखर नव्हतास घालत. साखरेत चहा घालायचास."

दोघंही हसले. हसताना तिला धाप लागली, तसे मामा उठले आणि पुन्हा चालायला निघाले.

तिसऱ्या महिन्यात वजन अडून बसलं. पंधरा दिवस काटा हलेना. बायकोनं काही न बोलता रात्रीच्या ताटात भाजी वाढवली, भात निम्मा केला, आणि सकाळी स्वतःही चपला घालून त्यांच्याबरोबर निघाली.

चार महिने पुरते व्हायच्या आत मामा पुन्हा स्कॅनच्या यंत्रात आडवे झाले. अकरा किलो उतरले होते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"चार टक्के," त्या म्हणाल्या. "हे निरोगी यकृत आहे."

अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीनं मामांना एकट्याला आत बोलावलं. कुणाचा दबाव आहे का, कुणी पैसे कबूल केलेत का, असं सगळं विचारलं. शेवटी एका सदस्यानं विचारलं, "नकार द्यायला अजूनही वेळ आहे. ठाऊक आहे ना?"

"साहेब, नकार मिळाला होता," मामा ताठ बसून म्हणाले. "तो मी परतवून आलोय."

शस्त्रक्रिया दिवसभर चालली. नवव्या दिवशी दुपारी मामा डोळे मिटून पडले होते. कुणीतरी भिंतीला धरून, एकेक पाऊल मोजत येत असल्याचं त्यांना ऐकू आलं. पाऊल ओळखीचं होतं. त्यांनी मुद्दामच डोळे उघडले नाहीत.

"यांना उठवू का?" नर्सनं विचारलं. "तुमचे कोण हे?"

"थोरला भाऊ," बहीण म्हणाली. "झोपू द्या त्याला. दमलाय तो."

मग तिनं वाकून, स्वतःचे टाके सांभाळत, त्यांच्या पायांवरून सरकलेलं पांघरूण नीट केलं.