बाकापर्यंत अडीचशे पावलं

अण्णांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला त्याला तेरा दिवस झाले होते, आणि त्या तेरा दिवसांत बापलेकींनी टेबलाशी बसून एक घासही खाल्ला नव्हता. ताटं मांडीवर घ्यायची, आणि नकाशावर शिंतोडा उडाला की अण्णांची बोलणी खायची.

"अण्णा, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे," लेक म्हणाली. "मला माझ्याच घरात टेबलाशी बसून जेवायची परवानगी कधी मिळेल?"

"पुस्तिकेत बघून सांगतो," अण्णा म्हणाले, आणि कपाळावरचा चष्मा खरंच नाकावर ओढला.

पुस्तिका चौसष्ट पानांची होती. नव्या शहराच्या पालिकेने नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी छापलेली. कचरा कोणत्या वारी कोणता, बागा किती वाजता उघडतात, रस्त्याकडच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे की नाही, पाण्याचे नळ कुठे, बाकं कुठे, स्वच्छतागृहं कुठे, सगळं त्यात होतं. लेकीला नोकरीचं पत्र आलं त्याच पाकिटात ही पुस्तिका होती. पत्र लेकीने वाचलं आणि पुस्तिका अण्णांनी पळवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण लाल पेन्सिल कानाला अडकवून असा काही अभ्यासाला बसला की वरच्या मजल्यावरची मामी म्हणाली, "अगं, तू चालली आहेस की हे चाललेत परीक्षेला?"

परीक्षा तर लेकीचीच चालली होती. भाजी चिरता चिरता मागून आवाज यायचा, "छकुले, मंगळवारी कुठला कचरा?"

"सुका."

"चूक! ओला. सुका बुधवारी. पहिल्याच आठवड्यात तू माझी अब्रू घालवणार."

अण्णांचा सगळा जन्म जमिनी मोजण्यात गेला होता. सरकारी मोजणीदार. गावोगाव मोजणीची साखळी घेऊन हिंडले, भावाभावांच्या भांडणात उभे राहून हद्दी आखल्या, आणि निवृत्त झाल्यावरही मोजायचं काही सुटलं नाही. जिना किती पायऱ्यांचा, दूधवाला किती मिनिटांनी उशिरा, सगळ्याचा आकडा तयार. लेकीचं कामही मापाचंच. ती कृत्रिम पाय बनवायची. साचा काढायचा, घासायचा, पट्टे बसवायचे, आणि माणूस नव्या पायावर उभा राहिला की दोन दांड्यांच्या मधून त्याला हळूहळू चालवायचं. टाच टेकली की फरशीवर खडूने खूण. डावं पाऊल किती पडलं, उजवं किती, ते खुणांवरून कळायचं. तिच्या पर्समध्ये एखादे वेळी रुमाल नसे, पण खडू असायचाच.

इथल्या कार्यशाळेत चालायला जागा होती नऊ फूट. माणूस जरा कुठे चालायला लागला की भिंत. नव्या शहरातल्या केंद्रात साठ फुटांचं दालन होतं, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेलं. शिवाय लहान मुलांच्या पायांचा वेगळा विभाग नव्याने सुरू होणार होता आणि तो तिच्या हाती द्यायचा, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ते वाचून ती स्वयंपाकघरात गेली होती, ओट्याला टेकून एकटीच हसली होती, आणि मग चेहरा सरळ करून बाहेर आली होती. कारण होकार द्यायचा की नाही हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि तो होकार अण्णांच्या पायांवर अवलंबून होता.

अण्णांची अट एकच होती. आई गेल्यापासून ते रोज सकाळी एकटे बागेत जायचे. कुणाचा हात न धरता. "मला रिक्षात घालून बागेत सोडायचं, आणि विसरलेली छत्री आणावी तसं परत आणायचं, हे जमणार नाही," ते म्हणाले होते. "माझ्या पायांनी जाता येत असेल तर येतो. नाहीतर तू जा, मी इथे बरा आहे."

ते इथे 'बरे' राहिले असते तर ती तिथे बरी राहिली नसती, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून नकाशा अंथरला गेला.

अण्णांचा हिशोब चोख होता. एका दमात अडीचशे पावलं. त्यानंतर पाच मिनिटं बसायचं, मग पुन्हा अडीचशे. पाऊल अडीच फुटांचं. म्हणजे सहाशे पंचवीस फुटांच्या आत बसायला काहीतरी हवं. केंद्राने देऊ केलेल्या घरापासून पहिलं बाक सहाशे फुटांवर होतं. तिथून बागेचं फाटक तीनशे फूट. अण्णांनी ते बाक लाल पेन्सिलीने गोल केलं, आणि पंचवीस फूट शिल्लक राहिले म्हणून स्वतःच्या पाठीवर मारायची थाप टेबलावर मारली.

"बसतंय, छकुले! अगदी मापात बसतंय!"

शनिवारी सकाळच्या बसने दोघं निघाले, घर बघायला आणि रस्ता चालून बघायला. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिशात मोजपट्टी, हातात पुस्तिका. बसमधून उतरल्या उतरल्या त्यांनी रस्ता ओलांडायचा खांबावरचा खटका दाबला, हिरवा दिवा लागेपर्यंत सावधान उभे राहिले, आणि दिवा नसताना पळत सुटलेल्या एका गृहस्थाला म्हणाले, "पान बावीस!" गृहस्थ घाबरून अर्ध्या रस्त्यातून परत आला.

"अण्णा, लोक हसतील."

"हसू देत. नियमात मनाई नाही."

घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, मागे फरसबंद अंगण, अंगणात नळ. अण्णांनी नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. लेकीने खिडकी उघडली तर समोर झाड, आणि झाडापलीकडे केंद्राची पांढरी भिंत. इथून कामाला चालत सात मिनिटं! तिने मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले.

"चला," अण्णा म्हणाले. "आता खरी गोष्ट."

दारापासून त्यांनी मोजायला सुरुवात केली. लेक चार पावलं मागून. बोलायचं नाही, हात धरायचा नाही, असं ठरलेलं. फुटपाथ रुंद होता, सपाट होता, सावली होती. शंभराला अण्णांनी मान डोलावली. दोनशेला श्वास थोडा मोठा झाला. अडीचशेला ते थांबले आणि समोर बघितलं.

बाक नव्हतं.

होतं, पण पार पुढे. हिरव्या रंगाचा एक ठिपका, आणि त्याच्या अलीकडे कितीतरी रस्ता.

"नकाशा चुकला," अण्णा म्हणाले. एका हाताने त्यांनी दुकानाबाहेरच्या लोखंडी खांबाला धरलं. कपाळ ओलं झालं होतं. "यांना साधा नकाशा काढता येत नाही, आणि म्हणे कचऱ्याचे वार पाळा!"

नकाशा चुकला नव्हता. लेकीने कोपऱ्यावरच्या पाटीवरचे अंतराचे आकडे नकाशाशी ताडून बघितले होते, इंचाचाही फरक नव्हता. मग तिची नजर खाली गेली, अण्णांच्या चपलांवर. आणि ज्या बाईला अनोळखी माणसाची चाल जिन्यावरच्या आवाजावरून ओळखता यायची, तिला आज पहिल्यांदा दिसलं की आपल्या बापाचं पाऊल केवढंसं पडतं. आपल्या गल्लीत कसं कळणार? तिथे दर पाचपन्नास पावलांवर कुणाची ना कुणाची पायरी, आणि प्रत्येक पायरीवर अण्णांना 'या, बसा' म्हणणारं कुणीतरी. अडीचशे सलग चालायची वेळच आली नव्हती. आकडा जुना होता आणि अण्णा तो इमानाने वापरत होते.

आता हे सांगायचं कसं? कार्यशाळेत असं काही ती तोंडाने सांगतच नसे. माणूस तोंडाशी भांडतो, खुणांशी भांडत नाही. तिने पर्समधून खडू काढला.

"अण्णा, फक्त दोन पावलं टाका. नेहमीसारखी."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, खडूकडे बघितलं. मग खांब सोडून दोन पावलं टाकली. ती वाकली आणि दोन टाचांमागे दोन रेघा ओढल्या. अण्णांनी खिशातली मोजपट्टी काढून तिच्या हातात दिली, तिने ती रेघांमध्ये धरली, आणि दोघांनी मिळून वाचलं.

सतरा इंच.

लेकीला खिडकीसमोरचं झाड आठवलं, साठ फुटांचं दालन आठवलं, आणि तिने ते सगळं आवरून परत पेटीत ठेवायला सुरुवात केली. काही नाही, नऊ फुटांतही माणसं चालायला लागतातच.

"छत्तीस वर्षं," अण्णा म्हणाले, "रोज सकाळी कामाला लागायच्या आधी मी साखळी तपासली. वापरून वापरून साखळीच्या कड्या वाकतात, साखळी आखडते. आखडलेल्या साखळीने मोजलं की जमीन उगाच वाढते. हाताखालच्या माणसांना किती ओरडलोय मी त्यावरून. आधी साखळी, मग जमीन." त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं आणि अचानक हसायलाच लागले. "आणि माझीच साखळी आखडलेली! छकुले, पालिकेची माफी मागायला हवी."

हसता हसता ते जरा डुलले, आणि तेवढ्यात मागच्या दुकानाचं दार उघडलं. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ डोळ्याला भिंग लावलेलेच बाहेर आले.

"आजोबा, आत येऊन बसा ना. बाहेर स्टूल ठेवता येत नाही, दंड होतो."

"कोण म्हणालं?" अण्णा ताठ झाले. "पान सदतीस. दुकानदारास उंबरठ्यालगत, पिवळ्या रेघेच्या आत, ग्राहक किंवा पादचारी यांच्यासाठी एक बैठक ठेवता येईल."

घड्याळजींनी भिंग काढलं. "पंचवीस वर्षं दुकान आहे माझं. मला कुणी सांगितलं नाही."

"पुस्तिका वाचत नाही तुम्ही?"

"इथे राहणारा माणूस कशाला वाचेल ती?"

पान उघडून दाखवण्यात आलं, घड्याळजींनी ते भिंगाखाली धरून वाचलं, आणि मग आतून स्टूल आलं. पिवळ्या रेघेच्या आत, बरोबर चार बोटं. अण्णा बसले. पाय पसरले. आणि बसल्या बसल्या पुस्तिकेची पानं भराभर उलटायला लागले.

"एकोणपन्नास की पन्नास... एक नियम होता गं. खूण केली नव्हती मी त्याच्यावर."

"का नाही केली?"

"म्हाताऱ्या माणसांसाठी आहे म्हणून सोडला होता. हां, सापडला!" आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, जणू चावडीवर निकाल सांगताहेत. "ज्या रस्त्यावर सलग पाचशे फूट बसण्याची सोय नसेल, तेथे साठ वर्षांवरील रहिवाशास बाकाची मागणी करता येईल. अर्जासोबत, मोजमापे दाखवून हाताने काढलेला नकाशा जोडावा." त्यांनी मान वर केली. डोळे असे चमकत होते की लेकीला त्यांचा तरुणपणचा फोटो आठवला. "हाताने काढलेला नकाशा, छकुले! मोजमापांसह! अगं, माझ्यासाठीच लिहिलाय हा नियम!"

"बाक येईपर्यंत माझं स्टूल आहेच," घड्याळजी म्हणाले. "नियमात बसतं ना, मग आता रोज ठेवतो. बघू कोण दंड करतो ते."

"कुणी आलं तर मला बोलवा," अण्णा म्हणाले.

पाच मिनिटांनी ते उठले. आता बाकापर्यंत किती पावलं, ते सतरा इंचांच्या हिशोबाने तोंडी सांगितलं, एकशे चौऱ्याहत्तर. लेक या वेळी मागून नाही, बाजूने चालली. हात धरला नाही. पण मोजायला तीही लागली, मनातल्या मनात, आणि दीडशेनंतर दोघंही मोठ्याने मोजत होती. समोरून येणारी एक बाई आपली पिशवी सांभाळत बाजूला झाली.

"एकशे बहात्तर, एकशे त्र्याहत्तर, एकशे चौऱ्याहत्तर!"

गुडघा बाकाला टेकला. अण्णांनी बाकावर अशी थाप मारली की वरची चिमणी उडाली. पुढे बागेचं फाटक दिसत होतं, उघडं, आणि आतून मुलांचा कालवा ऐकू येत होता.

अर्जाचा नमुना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होता. अण्णांनी ते पान अलगद फाडून तिथेच मांडीवर घेतलं, पुस्तिकेच्या कडेने रेघा ओढून मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशाला सुरुवात केली. घर, घड्याळाचं दुकान, मागणी केलेल्या बाकाची जागा, त्यावर फुली. उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला. लेक वाट बघत होती. सोमवारचं विचारावं का? विचारलं आणि 'बघू' म्हणाले तर?

मग अण्णांनी पान उलटं केलं आणि वरच्या रकान्यात अर्जदाराचा पत्ता लिहायला घेतला. ती वाकून बघत होती. तळमजला, झाडासमोरचं घर, याच रस्त्याचं नाव.

"अण्णा," ती म्हणाली, "आपण अजून इथे राहत नाही."

"माहीत आहे. पण अर्ज रहिवाशानेच करायचा आहे. नियम आहे तसा." त्यांनी पत्ता पूर्ण करून खाली ठसठशीत रेघ ओढली. "सोमवारची वाट कशाला बघतेस? कळवून टाक आजच. बाक मिळायला वेळ लागतो सरकारी कामात."

तिने फोन काढला. घाईत केंद्राचा नंबर दोनदा चुकला.

"मग घरी गेल्यावर," मधेच तिने विचारलं, "टेबलावरचा नकाशा गुंडाळायचा ना एकदाचा?"

"गुंडाळायचा?" अण्णा म्हणाले. त्यांनी पेन्सिल पुन्हा कानाला लावली. "फक्त बाग झाली अजून. वाचनालय राहिलंय."